सोलापूरच्या माळावर दोन दिवस: मित्रांसोबत पहिल्यांदाच कच्च्या वाटेला गाडी लावणाऱ्यांसाठी

सोलापुरात चार मित्र जमले आणि त्यातल्या एकाकडे फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी) असली, की जैसलमेरचा विषय निघतोच. जरूर जा. पण ते अंतर एका बाजूचंच चौदाशे किलोमीटरच्या आसपास आहे, शनिवार-रविवारात ते होत नाही. आणि खरं सांगायचं तर ज्याने घराजवळचा माळ कधी पायाखाली घातला नाही, त्याला तिथल्या वाळूत गाडीही सांभाळता येणार नाही. म्हणून हा लेख आपल्याच जिल्ह्यातल्या दोन दिवसांच्या सफरीबद्दल आहे: शनिवारी पहाटे सोलापूर सोडायचं, मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडचा कोरडा पट्टा कच्च्या वाटांनी पार करायचा, सांगोल्याच्या बाजूला मुक्काम, आणि रविवारी संध्याकाळी घरी.

आपला माळ म्हणजे वाळवंट नव्हे. सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जैसलमेरला दोनशेच्या आतबाहेर. इथं दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक तुकड्याला मालक आहे, नसेल तर ते गायरान आहे किंवा वनखात्याचं कुरण आहे. तेव्हा मोकळं दिसलं म्हणून गाडी घातली, हे इथं चालत नाही. सगळी सफर असलेल्या वाटांवरूनच करायची: पाणंद, गाडीवाट, शिवाररस्ता, चारीच्या (कालव्यातून फुटलेल्या पाटाच्या) कडेचा रस्ता. एवढ्यावरही दोन दिवस अंग दुखेपर्यंत गाडी चालवायला मिळते, याची खात्री बाळगा.

कधी निघायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. त्याआधी नको. आपल्याकडे पावसाचा जोर जून-जुलैत नसतो, तो सप्टेंबरात असतो, आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरातही गाठतो. गणपती गेले, आता वाटा वाळल्या असतील असा हिशेब करून निघणारे हमखास चिखलात सापडतात. दिवाळी होऊ द्या, त्यानंतर आठ-दहा दिवस कोरडं ऊन पडू द्या, मग तारीख धरा.

मार्चनंतर जमीन कोरडी ठणठणीत असते, पण ऊन सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो. रुतलेली गाडी त्या उन्हात फावड्यानं काढायची वेळ आली तर माणूस आधी संपतो. उन्हाळ्यातच जायचं असेल तर पहाटे साडेपाच ते अकरा एवढंच चालवा आणि बाकी वेळ सावलीत काढा.

तारीख ठरवताना आणखी दोन गोष्टी बघा. कार्तिकी एकादशीच्या आसपास पंढरपूरकडचे सगळे रस्ते वारकऱ्यांचे असतात, तेव्हा त्या आठवड्यात त्या बाजूला गाड्या काढू नका. आणि दिवाळीनंतर साखर कारखाने पेटलेले असतात. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या, बऱ्याचदा मागं दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. म्हणून अंधार पडल्यावर डांबरी रस्त्यानंही प्रवास करू नका. या सगळ्या सफरीत जिवाला सर्वांत मोठा धोका माळावर नसतो, तो रात्रीच्या डांबरी रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागे असतो.

आधी जमीन ओळखा

नवखा माणूस गाडीबद्दल शंभर प्रश्न विचारतो आणि जमिनीबद्दल एकही विचारत नाही. चाकाखाली काय आहे हे ज्याला कळतं, तो साध्या बोलेरो कॅम्परमध्येही सुखरूप परत येतो.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानाची ज्वारी सगळ्या महाराष्ट्रात नावाजलेली आहे. ती विहिरीच्या पाण्यावर येत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरचं पाणी ती माती पोटात धरून ठेवते आणि त्या ओलीवर अख्खं रब्बीचं पीक निघतं. मातीच्या बारीक चिकण कणांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतात, वाळले की आकसतात. म्हणूनच उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्या गुणावर कोरडवाहू शेतकरी जगतो, तोच गुण आपल्या चाकाला नडतो. पाऊस थांबून चार दिवस झाले, वरची माती राखाडी पडली, तरी वीतभर खाली ओल तशीच असते. वरचा पापुद्रा माणसाचं वजन पेलतो, दोन टनाच्या गाडीचं पेलत नाही.

म्हणून शंका आली की थांबा आणि खाली उतरा. वाटेतली माती पहारीनं वीतभर उकरा, खालची मूठभर घ्या आणि दाबा. मूठ उघडल्यावर ढेकूळ फुटून पडलं तर पुढं चला. गोळा तसाच राहिला तर तो दोन तळव्यांत वळून बघा. सुतळीएवढी वळी न तुटता तयार झाली, तर त्या वाटेनं आज जाऊ नका, गाडी कितीही भारी असली तरी. अशी माती टायरच्या खाचांत भरते, मग टायर गुळगुळीत होतो, पुढं ती चाक आणि मडगार्डच्या मधे थापली जाते आणि चाक फिरायचंच थांबतं. फोर बाय फोरमुळे एवढंच होतं, की दोनऐवजी चारही चाकं जागेवर फिरतात.

कोरड्या जानेवारीतही काळ्या वाटेवर अचानक चिखल लागतो, आणि बाहेरून आलेल्या माणसाला त्याचं कारण कळत नाही. कारण कालव्याचं असतं. उजनी धरणाचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठीचं पाणी, सुटलेलं असेल तर चाऱ्या भरून वाहतात, कुठं फुटतात, कुठं शेतकरी रात्री पाणी फिरवतो आणि ते वाटेवर येतं. उसाचा हिरवा पट्टा दिसला की पुढची वाट ओली असणार असं धरूनच चाला.

मुरमाडी माळ याच्या अगदी उलट. तांबूस-पिवळसर, हाताला खरखरीत, पाणी लगेच निचरून जातं. पाऊस थांबल्यावर अर्ध्या दिवसात चालण्याजोगा होतो. मंगळवेढ्याच्या दक्षिणेला भोसे, नंदेश्वरकडे जाताना आणि पुढं सांगोला तालुक्यात घेरडीच्या बाजूला असा माळ भरपूर आहे. नवख्यांनी शिकायला हीच जमीन उत्तम. इथं गाडी रुतत नाही, पण सुट्या खडीवर ब्रेक मारला की घसरते, आणि पाण्यानं कापलेल्या ओघळी लांबून दिसत नाहीत. सगळ्यात जास्त त्रास काट्यांचा. वेड्या बाभळीचा वाळका काटा टायरच्या धारेतून आत शिरतो, बाजूच्या नाजूक भागात शिरला तर जागेवर दुरुस्त होत नाही. वाटेवर तोडून टाकलेल्या फांद्या दिसल्या तर उतरून बाजूला करा, वरून गाडी नेऊ नका.

तिसरी जमीन वाळूची. भीमा, सीना, माण या नद्यांच्या पात्रांत ती दिसते आणि मोह होतो. पात्रात गाडी उतरवू नका. वाळू उपशानं पडलेले खड्डे सैल वाळूनं किंवा पाण्यानं भरलेले असतात, वरून त्यांचा थांग लागत नाही. शिवाय नदीकाठी चार चाकांची अनोळखी गाडी म्हणजे वाळूची गाडी, असाच गावाचा आणि महसूल खात्याचा समज होतो, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. वाळूवर हात बसवायचा असेल तर गाडीवाट जिथं कोरडा ओढा ओलांडते तिथला वीस-तीस फुटांचा वाळूचा पट्टा पुरेसा आहे.

गाड्या, माणसं, सामान

गाड्या कमीत कमी दोन. एकट्या गाडीनं जाऊ नका, यात तडजोड नको. दुसरी गाडी म्हणजे दोर बांधायला खुंट, दवाखान्यात पळवायला वाहन आणि डोकं शांत ठेवणारी माणसं. दोन्हींपैकी एक तरी फोर बाय फोर असावी. थार, व्ही-क्रॉस, गुरखा, फोर बाय फोर कॅम्पर, काहीही चालेल. दुसरी उंच तळाची साधी पिकअप असली तरी कोरड्या मुरमावर अडत नाही.

पिकअप नेणार असाल तर एक समजून घ्या. मागचे पाटे ओझ्यासाठी बनवलेले असतात, हौदा रिकामा असला की मागची चाकं खडीवर उड्या मारतात आणि पकड सोडतात. पाण्याचे जार, जादा स्टेपनी, अवजारं मागच्या आसाच्या किंचित पुढं, तळाशी ठेवून दोरीनं पक्की आवळा. पण हौद्यात माणसं बसवू नका. मालवाहू गाडीत मागं माणसं बसवणं कायद्यानं गुन्हा आहे, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, आणि ओघळीत एक चाक गेलं की मागचा माणूस सरळ बाहेर फेकला जातो. जागा पुरत नसेल तर मित्र कमी न्या किंवा गाडी वाढवा.

सामानात हौसेच्या वस्तू सगळ्यात शेवटी. आधी हे बघा की स्टेपनीत हवा आहे का, पाना तुमच्याच चाकाच्या नटांना बसतो का, आणि जॅकखाली ठेवायला फूटभर लांब-रुंद जाड लाकडी फळी घेतली आहे का. फळीशिवाय जॅक मातीत जातो, गाडी जागची हलत नाही. मग फावडं, पहार, जाड हातमोजे, चांगल्या वजनाचा टो रोप (गाडी ओढायचा दोर), त्याला शोभतील असे डी-शॅकल (दोर हुकाला जोडायच्या लोखंडी कड्या), ट्यूबलेस पंक्चरचं किट, हवेचं मीटर आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. दोन-चार गोणपाटं आणि घरातली एक जुनी जाड सोलापुरी चादर. तिचा उपयोग पुढं येईल.

पाणी माणशी दिवसाला पाच लिटर धरा, त्यावर एक जार रेडिएटरसाठी आणि अडीअडचणीसाठी. डिझेलची टाकी मंगळवेढ्यात पुन्हा भरून घ्या. जेवणाची काळजी सोलापूरकरांना करायची गरज नाही: कडक भाकरी, शेंगाचटणी, ठेचा, कांदा. दोन दिवसांत यातलं काही नासत नाही.

घरी एकाला तरी वाट, मुक्कामाचं गाव आणि परतीची वेळ लिहून द्या. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, कारण माळावर रेंज जाते. पण नकाशावर फार विसंबू नका. त्यात दिसणारी रेघ कितीदा तरी कुणाच्या बांधावर जाऊन संपते.

शनिवार: डांबर सोडेपर्यंत

पहाटे साडेपाचला निघालात तर मंगळवेढा रोडनं बेगमपूर ओलांडून माचणूरला उजाडताना पोचता. भीमेच्या काठावर सिद्धेश्वराचं देऊळ आणि पडकी गढी आहे. १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची छावणी इथंच, ब्रह्मपुरीला होती. चहा घ्या, घाट उतरून नदी बघा आणि गाड्यांची एकदा पाहणी करा: चाकांचे नट, खाली कुठं तेल ठिबकतंय का, हौद्यातलं सामान सैल झालंय का.

मंगळवेढ्यातून दक्षिणेला वळलं की देखावा बदलतो. इकडच्या पस्तीस गावांचा पाणीप्रश्न वर्षानुवर्षं गाजतो आहे. गावं लांब लांब, मधे ज्वारीची रानं, मग माळ. डांबर सोडायच्या जागी दोन्ही गाड्या उभ्या करा आणि हवा उतरवा.

हवा उतरवणं ही या सगळ्या विद्येतली पहिली आणि सर्वांत फायद्याची गोष्ट. डांबरावर तुम्ही ३२-३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवता. मुरमावर, खडीवर २५-२६ वर आणा. टायर थोडा बसतो, जमिनीला लांबवर टेकतो, पकड वाढते, धक्के कमी होतात आणि टोकदार दगडावर रबर फाटण्याऐवजी दबतं. वाळूचा पट्टा असेल तर १८ पर्यंत. पंधराच्या खाली नवख्यानं जाऊ नये, वळताना टायर रिंगेवरून निसटतो. हवा कमी असताना वेग कमी, वळण सावकाश. आणि डांबरावर परत चढण्याआधी हवा भरलीच पाहिजे, नाहीतर कमी हवेचा टायर वेगात तापून फुटतो.

फोर बाय फोरचा खटका मातीत टाकायचा, सुक्या डांबरावर नाही. बऱ्याच गाड्यांत पुढचे-मागचे आस त्यामुळे एकाच वेगानं फिरायला लागतात, डांबरावर चाक घसरू शकत नाही आणि सगळा ताण गिअरवर येतो. आणि तो रुतल्यावर टाकायचा नसतो, अवघड जागा समोर दिसली की आधीच टाकायचा. फोर हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग) नेहमीसाठी, फोर लो (चारही चाकं, कमी वेग पण जास्त जोर) चढ-उतारासाठी आणि गाडी ओढून काढण्यासाठी.

विचारून पुढं जा

वस्तीवरून वाट जाते तिथं गाडी बंद करा, एकानं उतरून चालत जा. हॉर्न वाजवून माणूस बाहेर बोलावू नका.

"राम राम मामा, ही वाट पुढं निघते का?"

"निघती की. कुठनं आलाव?"

"सोलापूरहून. नंदेश्वरला जायचंय."

"मग हिकडनं नगा जाऊ पाव्हणं. चारीला पाणी सोडलंय. त्या लिंबाच्या अंगानं वरच्या माळाला लागा."

या दोन मिनिटांत जे कळतं ते कुठल्याही नकाशात नसतं. पुढची वाट कुणाच्या रानातून जाते, तो माणूस कसा आहे, ज्वारी पेरल्यावर कुणी वाट नांगरून टाकली, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. बांध कधीच ओलांडू नका. पेरलेल्या रानाच्या कडेनंसुद्धा चाक घालू नका. बांधावरून भावाभावांत कोर्टापर्यंत गेलेली भांडणं प्रत्येक गावात आहेत, त्यात आपल्या टायरच्या खुणेची भर नको.

मेंढरं समोर आली तर इंजिन बंद करून थांबा. कळप गाडीच्या दोन्ही बाजूंनी आपोआप निघून जातो. हॉर्न दिला की तो फुटतो, आणि मग धनगराचा अर्धा तास तो गोळा करण्यात जातो. कुत्री अंगावर येतील, काच वर ठेवा, ती त्यांचं काम करत असतात.

चालवायचं कसं

पुढच्या गाडीच्या धुळीत घुसू नका. धूळ बसेल एवढं अंतर ठेवा. मग मागची गाडी दिसेनाशी होते, म्हणून एक नियम पाळा: प्रत्येक ड्रायव्हर मागच्या गाडीला जबाबदार. फाटा आला की थांबायचं, मागची गाडी दिसली की हात करायचा, मगच वळायचं. एवढ्यानं कुणी चुकत नाही.

स्टिअरिंगवर अंगठे आत अडकवू नका, वरच ठेवा. पुढचं चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग झटक्यात फिरतं आणि अंगठा मोडतो.

चढ आणि उतार सरळ रेषेत घ्यायचा, आडवा कधीच नाही, गाडी कलंडते. उतरताना फोर लोचा पहिला गिअर टाका, क्लच सोडून द्या आणि इंजिनलाच गाडी धरू द्या. ओघळ किंवा छोटी चर मात्र तिरकी घ्यावी, म्हणजे एका वेळी एकच चाक खाली जातं आणि उरलेली तीन गाडी ढकलतात. समोर काय आहे दिसत नसेल तर एकानं उतरून पुढं चालावं आणि हातानं खुणा कराव्यात. खुणा करणारा एकच असावा. चौघं चार बाजूंनी ओरडायला लागले की ड्रायव्हर कुणाचं ऐकणार?

ओढ्याच्या वाळूत दुसऱ्या गिअरात, एकसारख्या दमानं, न थांबता. ब्रेक लावला की चाकापुढं वाळूचा ढीग जमतो आणि गाडी त्याच्याशीच अडते. थांबायचंच असेल तर पाय उचला, गाडी आपोआप थांबू द्या.

रुतलीच तर

ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. पहिल्या चार सेकंदांत तुम्ही काय करता यावर पुढचे दोन तास ठरतात. चाक जागेवर फिरायला लागलं म्हणजे ते खड्डा खणतंय.

सगळे उतरा. आधी आलेल्या खुणेवरूनच मागं यायचा प्रयत्न करा, कारण ती जमीन दाबली गेलेली असते. नाही आली तर चाकांच्या पुढची-मागची वाळू फावड्यानं काढा, गाडीचं पोट टेकलं असेल तर तिथलीही काढा, हवा आणखी दोन-तीन पॉइंट उतरवा आणि गोणपाटं चाकाखाली सारून हळू काढा. वाळूत दहापैकी आठ वेळा गाडी एवढ्यानं निघते.

काळ्या चिखलात हे चालत नाही. तिथं आधी टायरच्या खाचांतला आणि मडगार्डमधला चिखल पहारीनं खरवडून काढावा लागतो, आणि हे काम खरंच कष्टाचं आहे. मग चाकाखाली काहीतरी कोरडं, खरखरीत हवं. तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, सगळ्यात चांगल्या. पण बांधावर रचलेल्या तुराट्या कुणाच्या तरी चुलीचं जळण असतं, तेव्हा विचारून घ्या आणि पैसे द्या.

दोर लावायची वेळ आली तर तो चासीच्या टो हुकालाच. बंपरला नाही, ट्रॉली ओढायच्या गोळ्यालाही नाही. तो गोळा ताणाखाली तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. दोराच्या मधोमध ती जुनी चादर ओली करून टाका, म्हणजे दोर तुटला तरी तिच्या वजनानं खाली बसतो. दोराच्या दीडपट लांबीच्या आत ड्रायव्हर सोडून कुणी उभं राहू नये, व्हिडिओ काढणारा तर नाहीच.

तासभरात निघाली नाही तर जवळच्या वस्तीवरून ट्रॅक्टर बोलवा. यात कमीपणा काहीच नाही, त्या जमिनीचा त्यांना रोजचा अनुभव असतो. ते म्हणतील "ऱ्हाऊ द्या की वो", तरी डिझेलचे आणि कामाचे पैसे द्यायचेच. घासाघीस तर अजिबात नको.

मुक्काम

चारच्या आत जागा धरा. गावात जाऊन पोलीस पाटलाला किंवा सरपंचांना भेटा, कुठून आलो, किती माणसं, कुठं थांबणार हे सांगा. गुरं चोरीला जातात, वाळू चोरीला जाते, त्यामुळे रात्री माळावर अनोळखी दिवे दिसले की गाव जागं होतं. आधी सांगितलेलं असलं की तेच लोक सकाळी दूध घेऊन येतात. जानेवारीत गेलात तर हुरड्याला बोलावतील, आणि त्याला नाही म्हणू नका.

तंबू बाभळीखाली नको, ओढ्यात नको, वाळक्या गवतात नको. जाळ करूच नका, गॅसची छोटी शेगडी न्या. फेब्रुवारीत एका ठिणगीनं डोळ्यादेखत अख्खं कुरण पेटतं, आणि ते गवत म्हणजे कुणाच्या तरी जनावरांची उन्हाळ्याची वैरण असते. गाणी बंद ठेवा. माळावरची रात्र ऐकण्यासारखी असते. टिटवी, कोल्हा, नशीब असेल तर लांबून लांडगा.

बूट तंबूच्या आत ठेवा, सकाळी झटकूनच घाला. रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका, मुरमाच्या माळावर फुरसं हा विषारी साप असतो आणि तो मातीच्याच रंगाचा असतो. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीनं करकचून बांधायचं नाही. हात किंवा पाय हलू न देता माणसाला आडवं ठेवा, १०८ ला फोन करा आणि वाट न बघता सांगोला किंवा मंगळवेढ्याच्या ग्रामीण रुग्णालयाकडे निघा. दुसरी गाडी का हवी, ते इथं कळतं.

जिथं चाक न्यायचंच नाही

बार्शी रोडवर नान्नजचा माळ शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे आणि दिसायला सफरीसाठीच केल्यासारखा आहे. तो माळढोक या दुर्मीळ पक्ष्याच्या अभयारण्याचा भाग आहे, १९७९ मध्ये जाहीर झालेला. तिथं वाट सोडून गाडी नेणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. पण कायद्यापलीकडचं कारण मला जास्त मोठं वाटतं. माळावरचे पक्षी झाडावर घरटं करत नाहीत. टिटवी, चंडोल, धाविक उघड्या जमिनीवर, दोन खड्यांच्या मधे अंडी घालतात, आणि ती अंडी खड्यांसारखीच दिसतात. माळढोकही तसाच, आणि मादी बहुतेक वेळा एकच अंडं घालते. चाकाखाली ते आलं हे ड्रायव्हरला कळतसुद्धा नाही. सोलापूरच्या माळावर पूर्वी माळढोक सहज दिसायचा, आता तो नावालाच उरला आहे. जी गोष्ट नान्नजला, तीच साध्या गायरानाला लागू. पडलेल्या चाकोरीतूनच चला. मुरमावर मातीचा थर इतका पातळ असतो की एकदा गवताचं मूळ तुटलं, तर तो पट्टा कैक वर्षं उघडा राहतो. जखमी प्राणी किंवा शिकारीचा संशय आला तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक लावा.

रविवार

सकाळच्या गारव्यात उरलेल्या कच्च्या वाटा संपवा आणि दुपारच्या आत घेरडीकडून सांगोल्याला डांबरावर या. हवा भरा. त्याच थांब्यावर गाडीखाली वाकून बघा. सायलेन्सरच्या आसपास कुसळं आणि वाळकं गवत अडकलेलं असतं, ते तापून पेट घेतं. हातमोजे घालून सगळं ओढून काढा. चाकांचे नट पुन्हा आवळा, खडखडाटानं ते सैल होतात. सांगोला-सोलापूर हा पल्ला ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरचा आहे, अंधाराआधी घरी पोचता.

दुसऱ्या दिवशी गाडी खालून धुवून घ्या. काळी माती वाळली की ब्रेकच्या भागांत आणि रेडिएटरच्या जाळीत सिमेंटसारखी बसते. एअर फिल्टर काढून झटका.

अशा दोन-तीन फेऱ्या वेगवेगळ्या ऋतूंत झाल्या की जैसलमेरची तयारी झाली समजा. तिथं सम, खुरीच्या टेकड्यांवर जमीन रोज बदलते, हवा पंधराच्या आसपास ठेवावी लागते आणि टेकडीच्या माथ्यावर पोचण्याआधी पलीकडे काय आहे हे कुणीतरी चालत जाऊन बघावं लागतं. गाडीवर उंच काठीला झेंडा लावा, म्हणजे पलीकडून येणाऱ्याला तुम्ही दिसता. सोबत तिथला जाणकार माणूस घ्या. उरलेले बहुतेक माळढोक आता त्याच मुलखात आहेत, तेव्हा तिथल्या राष्ट्रीय उद्यानाची हद्द आधी नकाशावर नीट बघून ठेवा. सीमेलगतच्या काही भागांत परवानगीशिवाय जाता येत नाही, त्याची चौकशी निघण्याआधीच जिल्हा प्रशासनाकडे करा.